नेदरलँड्सचा आडनाव-कोश: सोयरिकीच्या चौकशीला उपयोगी पडलेली सेवा

नेदरलँड्समधल्या हेग शहरात सीबीजी नावाचे कौटुंबिक इतिहासाचे केंद्र आहे. त्याच्यातर्फे चालवला जाणारा डच आडनावांचा कोश इंटरनेटवर कोणालाही मोफत पाहता येतो. अॅमस्टरडॅमच्या मेर्टेन्स इन्स्टिट्यूटने उभ्या केलेल्या या कोशात तीन लाखांहून अधिक आडनावे असून, प्रत्येक नावापुढे ते देशात किती जणांचे आहे, कोणत्या भागात जास्त आढळते आणि, अभ्यासकांना ठाऊक असेल तेथे, ते कशावरून पडले असावे हे दिलेले असते. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात राहून डच आडनावाचे मूळ शोधण्याची वेळ कोणावर येईल, असे वाटणे साहजिक आहे. पण आमच्या पुतणीने तिकडे नोकरी करता करता तिथल्याच मुलाशी लग्न ठरवले आणि ही वेळ आमच्या घरावर आली. या कामासाठी घरात दोन सेवा वापरल्या गेल्या, एक विकतची आणि एक फुकटची. विकतची कोणी घेऊ नये आणि फुकटची कशी वापरावी, हे सांगण्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

आपल्याकडे सोयरिकीची बोलणी आडनावापासून सुरू होतात, हे वेगळे सांगायला नको. आडनावाच्या शेवटी ‘वार’ आले की माणूस पांढरकवडा, वणी, चंद्रपूर अशा तेलंगणाला लागून असलेल्या पट्ट्यातला असावा असा अंदाज बांधता येतो. मडावी, उईके, आत्राम म्हटले की गोंड समाजातली देवांची संख्या विचारली जाते, कारण सारख्या देवांत लग्न होत नाही. आणि देशमुख म्हटले की कोणत्या गावचे, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. त्यामुळे मुलाचे आडनाव कळल्यावर आमच्या वहिनींच्या आईने विचारले, “आडनाव त समजलं, पन हे लोकं मूळचे कोनत्या गावचे?” जावईबापूंना स्वतःला एवढेच ठाऊक होते की आपले आडनाव फार दुर्मिळ आहे आणि घरचे लोक पूर्वी कधीतरी देशाच्या पूर्व भागातून आले. ते आडनाव मी येथे छापत नाही. ते लावणारी माणसे इतकी थोडी आहेत की आडनाव छापणे म्हणजे घराचा पत्ता छापण्यासारखेच होईल. त्याचा शेवट ‘इंक’ असा होतो, एवढे वाचकांना पुरे आहे, कारण पुढची सारी माहिती त्या शेवटाभोवतीच फिरते.

आधी विकतच्या सेवेबद्दल. पुतण्याने उत्साहाच्या भरात, बहिणीच्या सासरी भेट द्यायची म्हणून, आडनावाचा इतिहास आणि कुलचिन्ह छापून देणाऱ्या एका परदेशी कंपनीकडून प्रमाणपत्र मागवले. कंपनीचे नाव येथे देण्याचे कारण नाही, कारण असाच माल विकणाऱ्या अनेक आहेत. जुना दिसावा म्हणून पिवळसर तपकिरी रंग दिलेला कागद, त्यावर वळणदार अक्षरे, मधोमध ढाल आणि ढालीवर मागच्या पायांवर उभा असलेला सिंह, असे त्याचे स्वरूप होते. खाली चार परिच्छेद होते. त्यांतल्या तिसऱ्यात आडनावाचा उल्लेख होता आणि बाकीचे तीन कोणत्याही युरोपीय आडनावाखाली चालले असते. ‘प्राचीन व प्रतिष्ठित घराणे’ असे शब्द होते, मात्र गाव, वर्ष किंवा कागदपत्राचा एकही दाखला नव्हता. मी त्याच कंपनीच्या पानावर इंग्रजी अक्षरांत आमचे अस्सल वऱ्हाडी आडनाव टाकून पाहिले, तेव्हा त्यालाही ढाल मिळाली आणि ढालीवर सिंह मिळाला. फक्त रंग बदलला होता.

कुलचिन्हाबाबतचा नियम समजून घेतला असता तर हा खर्च वाचला असता. युरोपात कुलचिन्ह हे आडनावाचे नसून विशिष्ट घराण्याचे, त्यातही विशिष्ट शाखेचे असते. एकाच आडनावाच्या दोन कुटुंबांचे चिन्ह एक असेलच असे नाही आणि बहुसंख्य कुटुंबांना चिन्ह नसतेच. नेदरलँड्समध्ये सरदार घराण्यांखेरीज सामान्य नागरिकालाही स्वतःचे चिन्ह तयार करून घेता येते आणि सीबीजीकडे त्याची नोंदही करता येते. म्हणजे ज्याला हवे त्याने ते रीतसर करून घ्यावे. आडनाव टाकले की बाहेर पडणाऱ्या सिंहाला काही अर्थ नाही.

आता कोशाकडे वळू. पान उघडल्यावर शोधाची एक चौकट दिसते, तीत आडनाव टाकायचे. येथे एक गोष्ट आधी ठाऊक असावी. डच आडनावांत ‘फान’, ‘डे’, ‘फान डेर’, ‘टेन’, ‘टेर’ असे शब्द पुढे जोडलेले असतात, आणि नेदरलँड्समध्ये आडनावांचा क्रम लावताना ते धरत नाहीत. डे यॉंग हे आडनाव ‘डे’खाली शोधायचे नसते, ते ‘यॉंग’खाली मिळते. शेजारच्या बेल्जियममध्ये मात्र तेच नाव ‘डे’खाली लावतात. ‘इंक’वाल्या आमच्या नावाला असा पुढचा शब्द नसल्यामुळे ते लगेच सापडले.

नाव सापडल्यावर दोन आकडे समोर येतात, एक 1947 चा आणि एक 2007 चा. 1947 चा आकडा त्या वर्षीच्या जनगणनेवरून घेतलेला आहे. त्या जनगणनेतून काढलेली आडनावे पुढे प्रांतवार खंडांत छापलीही गेली. 2007 चा आकडा नगरपालिकांकडील लोकसंख्या नोंदणीवरून घेतलेला आहे. आपल्याकडे जन्म-मृत्यूची नोंद, रेशनकार्ड, मतदार यादी आणि आधार यांत एकाच माणसाचे आडनाव चार प्रकारे लिहिलेले असू शकते. तिकडे नगरपालिकेच्या नोंदणीत जे आहे तेच आडनाव, असा प्रकार असल्यामुळे ही मोजणी शक्य झाली. लग्नानंतर स्त्रीने पतीचे आडनाव वापरले तरी सरकारी नोंदीत तिचे जन्माचे आडनाव कायम राहते. आमच्या पुतणीच्या बाबतीत हे कळल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना आश्चर्य वाटले आणि, खरे सांगायचे तर, तिच्या वडिलांना आनंदही झाला.

एखादे आडनाव पाचापेक्षा कमी जणांचे असेल तर कोश नेमका आकडा न सांगता ‘पाचाहून कमी’ एवढेच दाखवतो. हा संकोच मला फार योग्य वाटला. अतिशय दुर्मिळ आडनावाची माहिती ही जवळजवळ व्यक्तीचीच माहिती असते, हे माहिती देणाऱ्या संस्थेनेच ओळखलेले आहे. आकड्याचे मोठेपण किंवा लहानपण समजण्यासाठी तुलना म्हणून सर्वांत जास्त आढळणारे डे यॉंग पाहावे. 2007 मध्ये ते 83 हजारांहून अधिक जणांचे होते. त्याच्या मागोमाग यान्सन आणि डे फ्रीस येतात. डे यॉंग म्हणजे वयाने लहान. एका नावाची दोन माणसे एका गावात असली की धाकट्याला ओळखण्यासाठी ते पडले, आणि अशी गावे देशभर असल्यामुळे ते हजार ठिकाणी स्वतंत्रपणे उगवले. यान्सन म्हणजे यानचा मुलगा, आणि यान नावाचे लोक तर घरोघरी होते. आडनाव सर्वत्र असण्याचे कारण म्हणजे त्याला जन्म देणारी परिस्थिती सर्वत्र होती, इतके सरळ आहे.

कोशाचा सर्वांत चांगला भाग म्हणजे नकाशा. त्यात प्रत्येक नगरपालिकेच्या हद्दीत ते आडनाव किती आहे हे रंगाच्या गडद-फिक्या छटांनी दाखवलेले असते, आणि तो दोन प्रकारे पाहता येतो: एक, निव्वळ संख्येने, दुसरा, त्या ठिकाणच्या लोकसंख्येच्या प्रमाणात. दुसराच पाहावा. पहिल्यात अॅमस्टरडॅम, रॉटरडॅम अशी मोठी शहरे उगाच गडद होतात, कारण पोटासाठी सगळे तिकडेच जातात. दुसऱ्यात मूळ मुलूख उठून दिसतो. आमच्या आडनावाचा दुसरा नकाशा उघडला तेव्हा बहुतेक देश पांढरा होता आणि जर्मनीच्या सीमेला लागून, गेल्डरलँड प्रांताच्या पूर्व टोकाला, विंटर्सवाइकच्या आसपास दोन-तीन तुकडे गडद होते. ‘मूळचे कोणत्या गावचे’ या प्रश्नाला याहून नेमके उत्तर जावईबापूंच्या घरातूनही आले नव्हते.

विंटर्सवाइकच्या त्या भागाला आख्टरहूक म्हणतात. तेथे आणि त्याच्या उत्तरेच्या ट्वेंटे भागात ‘इंक’ने संपणारी आडनावे मुबलक आहेत, कारण ती मुळात माणसांची नसून शेतवाड्यांची नावे आहेत. हेसल नावाच्या माणसाची वाडी ती हेसलिंक, अशी ती पडली. पुढे त्या वाडीवर जो कोणी राहायला आणि कसायला येईल त्याला गाव त्याच नावाने ओळखू लागे. एखाद्या वाडीवर मुलीच वारस राहिल्या आणि जावई घरी येऊन शेती करू लागला, तर त्याचे बापाकडचे नाव मागे पडून वाडीचे नाव त्याला लागे, आणि त्याची मुलेही तेच लावत. आपल्याकडे घरजावयाला गाव सासऱ्याच्या नावाने ओळखते खरे, पण त्याच्या सातबारावरचे आडनाव बदलत नाही. तेथे ते बदलत असे. परिणामी दोन सख्खे भाऊ दोन वाड्यांवर गेले की दोन आडनावांचे होत, आणि एका वाडीवर शंभर वर्षांच्या अंतराने राहिलेली, रक्ताचा काही संबंध नसलेली दोन कुटुंबे एकाच आडनावाची होत.

यावरून दुर्मिळपणाचा अर्थ लागतो. एका वाडीवरून पडलेले नाव मोजक्याच कुटुंबांत चालते. त्या कुटुंबांत मुलगे कमी झाले की ते आक्रसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आख्टरहूकमधले बरेच शेतकरी अमेरिकेला गेले, त्यांच्याबरोबर ते समुद्रापार जाते आणि डच मोजणीतून निसटते. कारकुनाने एक अक्षर वेगळे लिहिले की त्याचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही दुर्मिळ दिसू लागतात. वानखडे आणि वानखेडे यांच्यातल्या एका मात्रेसाठी जात पडताळणीच्या वेळी किती हेलपाटे पडतात, हे ज्यांनी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आणि कोतवाल बुकाची नक्कल जुळवून पाहिली आहे, त्यांना हा मुद्दा विस्ताराने सांगावा लागणार नाही. मुख्याध्यापक म्हणून असे उतारे मी इतके दिले आहेत की डच कारकुनाबद्दल मला सहानुभूतीच वाटते. प्रमाणपत्र विकणारी कंपनी ‘दुर्मिळ’ या शब्दाचा अर्थ खानदानी असा लावते. कोश काढून पाहिला तर दुर्मिळ म्हणजे एका वाडीचे, एवढाच त्याचा अर्थ निघतो, आणि एका शेतकरी कुटुंबाला दुसऱ्या शेतकरी कुटुंबाबद्दल कळलेली ही गोष्ट मला सिंहापेक्षा मोलाची वाटते.

नेपोलियनबद्दलची एक लोकप्रिय गोष्ट कोशाच्या आधारे तपासून पाहण्यासारखी आहे. नेदरलँड्स 1810 मध्ये नेपोलियनच्या फ्रान्सला जोडला गेला आणि 18 ऑगस्ट 1811 च्या हुकमाने ज्यांना कायमचे आडनाव नव्हते त्यांना ते नोंदवणे सक्तीचे झाले. लोकांनी फ्रेंचांची थट्टा म्हणून मुद्दाम विचित्र आडनावे नोंदवली, अशी कथा सांगतात, आणि पुरावा म्हणून ‘नाक्तखेबोरन’ हे आडनाव पुढे करतात, ज्याचा वरवरचा अर्थ नागवा जन्मलेला असा होतो. प्रत्यक्षात ते 1811 च्या आधीपासून आहे, आणि बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेला या अर्थाच्या शब्दाचा तो अपभ्रंश असावा असे अभ्यासक मानतात. देशाच्या पश्चिमेत आणि दक्षिणेत बहुतेकांना तेव्हा आडनावे होतीच. सक्तीचा खरा परिणाम फ्रीसलँडसारख्या उत्तरेच्या भागात आणि ज्यू समाजात झाला, जेथे बापाचे नाव लावून काम भागत होते. आख्टरहूकपुरते सांगायचे तर त्या काळातल्या सक्तीने वाडीबरोबर नाव बदलण्याची जुनी रीत गोठवली: त्या वेळी जो जेथे राहत होता, त्या वाडीचे नाव त्याच्या वंशाला कायमचे चिकटले.

कोशाची सवय झाल्यावर मी ओळखीची नावे काढून पाहू लागलो, आणि हा नाद लागण्यासारखा आहे. नागपूरच्या जामठा मैदानावर 22 फेब्रुवारी 2011 रोजी विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध नेदरलँड्सकडून 119 धावा काढणारा रायन टेन डोशेट आपल्या भागातल्या क्रिकेटप्रेमींना आठवत असेल. त्याच्या आडनावातला ‘टेन’ हा ‘अमुक ठिकाणचा’ असे सांगणारा शब्द आहे आणि तोही पूर्वेकडच्या आडनावांत विशेष दिसतो. त्याच संघातल्या टॉम डे ग्रूथच्या आडनावाचा अर्थ मोठा. व्हॅन गॉग हे आडनाव सीमेपलीकडच्या, आज जर्मनीत असलेल्या गोख या गावावरून आले. ‘स्ट्रा’ने संपणारी डाइकस्ट्रा, हूकस्ट्रा ही मंडळी फ्रीसलँडची. अमेरिकेतले धनाढ्य व्हँडरबिल्ट हे उट्रेख्टजवळच्या डे बिल्ट गावचे. आपल्याकडच्या ‘कर’वाल्या आडनावांसारखाच हा हिशेब असल्यामुळे मराठी वाचकाला तो चटकन समजतो.

कोशात गंभीर करणारी नावेही आहेत. डच वसाहत असलेल्या सुरिनाममध्ये 1 जुलै 1863 रोजी गुलामगिरी संपली तेव्हा मुक्त झालेल्या लोकांना आडनावे देण्यात आली, पण मळेवाल्यांची आडनावे त्यांना जशीच्या तशी मिळू नयेत म्हणून काही वेळा तीच उलटसुलट करून दिली गेली. डे फ्रीसचे फ्रीसडे झाले ते असे. दहा वर्षांनी, 1873 मध्ये, लाला रुख जहाजातून भारतीय मजूर सुरिनामला पोहोचले, आणि पुढे आडनाव नसलेल्या मजुराचे स्वतःचे एकेरी नावच त्याच्या वंशाचे आडनाव होऊन बसले. 1975 च्या स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांतले अनेक जण नेदरलँड्सला आले. त्यामुळे डच आडनावांच्या कोशात राम आणि प्रसाद यांच्या नावांचे अवशेष सापडतात, आणि कोणाचे आडनाव ‘खरे डच’, हा प्रश्न विचारण्याचे काही कारण उरत नाही.

सेवेच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. प्रत्येक आडनावाला स्पष्टीकरण नाही. दुर्मिळ नावांच्या बाबतीत अनेकदा केवळ आकडा, नकाशा आणि नावाचा प्रकार एवढ्यावर भागवावे लागते, आणि ते बरोबरही आहे, कारण माहीत नसताना चार परिच्छेद लिहिण्याची हातोटी कोणाकडे असते ते वर सांगितलेच आहे. स्पष्टीकरणे डच भाषेत आहेत. मोबाईलच्या भाषांतराने कामापुरता अर्थ लागतो, परंतु ते आडनावाचेच भाषांतर करून बसते. बाकर हे आडनाव तपासताना मला परिच्छेदभर ‘बेकरीवाला’ भेटत राहिला. आकडे 2007 चे आहेत, म्हणून आज घरात जन्मलेले मूल त्यांत नसते. शिवाय 1 जानेवारी 2024 पासून तेथील आईवडिलांना मुलाला दोघांचेही आडनाव जोडून देता येते. पुतणीच्या मुलांनी उद्या वऱ्हाडी आणि ‘इंक’वाले अशी दोन्ही आडनावे लावली, तर ते जोडनाव ‘पाचाहून कमी’ याच रकान्यात बसेल.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा ही की कोश आडनावाची माहिती देतो, वंशावळ देत नाही. सुगीनंतर गावात येणारा भाट पोथी उघडून पणजोबांपर्यंतची नावे वाचून दाखवतो, तशी अपेक्षा येथे ठेवू नये. त्यासाठी सीबीजीच्याच ‘वी वास वी’ या संकेतस्थळावर जन्म, विवाह आणि मृत्यूच्या जुन्या नोंदी शोधता येतात. त्या सरसकट खुल्या नाहीत: जन्माची नोंद 100 वर्षांनी, विवाहाची 75 वर्षांनी आणि मृत्यूची 50 वर्षांनी खुली होते. या मुदतींमुळे हयात माणसांची उठाठेव आपोआप टळते. सोयरिकीच्या चौकशीत आपल्याकडे जे जे विचारले जाते त्यातले निम्मे तेथे कायद्यानेच विचारता येत नाही, हे वडीलधाऱ्यांना समजावून सांगणे हे या सगळ्या खटाटोपातले सर्वांत अवघड काम ठरले.

ज्यांच्या घरी अशी सोयरीक जुळत असेल, किंवा ज्यांना केवळ कुतूहल असेल, त्यांनी कोश जरूर वापरावा. पान हलके असल्यामुळे गावातल्या रेंजवरही नाव आणि आकडे उघडतात. नकाशाला वेळ लागतो, तो रात्री उशिरा किंवा तालुक्याच्या ठिकाणी पाहावा. आडनावाचे नेमके स्पेलिंग आधी लिहून मागवावे, कारण ‘आय-जे’ आणि ‘वाय’ यांतल्या फरकाने वेगळेच पान उघडते, आणि जवळची दोन-तीन स्पेलिंगे टाकून त्यांचेही नकाशे पाहावेत. ते एकाच भागात गडद असतील तर नाव बहुधा एकच असून कारकून वेगवेगळे असावेत. घरातल्या मोठ्यांना दाखवण्यासाठी सेवा केंद्रावरून नकाशाची प्रत काढणार असाल, तर ती रंगीतच काढावी. काळ्या-पांढऱ्या प्रतीत फिके आणि गडद तुकडे सारखेच दिसतात.